शेवटच्या टोकाचं पाणी

अंबरनाथ पूर्वेला दानिएल पाटोळे कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघत राहतील. दानूभाऊ पाणीवाले म्हणा, मग शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. दानूभाऊ पाणी खात्यात व्हॉल्वमन होते. छातीला लागेल एवढी लांब लोखंडी चावी सायकलला बांधायची, रस्त्यातली झाकणं उघडून खालचे व्हॉल्व फिरवायचे, ठरलेली वेळ झाली की एका गल्लीचं पाणी बंद करून पुढच्या गल्लीला सोडायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी आलं की बारवी धरणाची कृपा आणि नाही आलं की दानूभाऊंचा दोष, असा तिथला हिशेब होता. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार सकाळी चहाच्या आधीच होऊन जायचा.

माणूस नगरकडचा, ख्रिस्ती. तरुणपणी पोटामागे अंबरनाथला आला आणि इथलाच झाला. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराचा एक हॉल आहे, तिथे त्यांची मंडळी भरे. पन्नास-साठ घरांची छोटी मंडळी. त्यात गाणारे थोडे आणि सल्ला देणारे फार. रविवार देवाचा आणि बाकीचे सहा दिवस आपले, अशी सोयीची वाटणी बऱ्याच जणांनी करून घेतलेली असते. दानूभाऊंना ती कधी जमली नाही, कारण रविवारीच त्यांना ड्यूटी असायची. उपासना अर्ध्यावर आली की मागच्या बाकावरून उठून, चपला हातात घेऊन ते हळूच बाहेर पडत. मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे जाणते, लोंढेसाहेब कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावरही त्यांची फोरमनकी गेली नव्हती. ते एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, की काही लोक देवाच्या घरी पाहुण्यासारखे येतात.

दानूभाऊंनी ते ऐकून घेतलं. उत्तर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांची उपासना लोंढेसाहेबांना दिसण्यासारखी नव्हतीच. व्हॉल्ववर चावी बसवली की ते दोन्ही हात आडव्या दांड्यावर ठेवत, क्षणभर डोळे मिटत आणि मनात म्हणत, ‘प्रभू, पाणी तुझं. हात तेवढे माझे.’ मग चावी फिरवत. प्रत्येक व्हॉल्वला, रोज, पावसात आणि उन्हात. एखादा लग्नाच्या हॉलवाला थोडं जास्त सोडा म्हणून गूळ लावायला आला, तर ते त्याच्या हातचा चहासुद्धा घेत नसत. ज्याच्याकडून चहा घेतला त्याची गल्ली मनात उगाच मोठी होते, असं त्यांचं म्हणणं.

घरात बायको शलोमी आणि मुलगी सुवार्ता. शलोमीला नवऱ्याचा हा वेडेपणा अंगवळणी पडला होता, पण पोरीला तो लहानपणापासून टोचत आला. नाताळच्या कार्यक्रमात ती देवदूत झाली होती. पाठीला पुठ्ठ्याचे पंख, तोंडावर खच्चून पावडर. तिचं वाक्य यायला आणि वडील चपला हातात घेऊन उठायला एकच गाठ पडली. पोरगी वाक्य विसरली, स्टेजवरच रडली. रात्री जेवताना म्हणाली, “तुमच्या देवाला पण पाणी कमी पडतं का, पप्पा?”

पुढे ती मोठी झाली आणि मंडळीत यायचीच बंद झाली. दानूभाऊंनी तिला कधी ओढलं नाही. प्रार्थनेत मात्र तिचं नाव एक दिवसही चुकलं नाही. या मंडळीत बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने मोठं होऊन, समजून, स्वतःच्या तोंडाने मागायचा, आणि मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून काढतात. जे मागायचं ते तिने एकदा मागावं, एवढीच त्या बापाची इच्छा होती. ती पुरी न होताच आपण जाणार, असं त्यांना मनातून वाटू लागलं होतं.

सुवार्ता उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नर्स झाली. तिला सौदीला नोकरी लागली, जूनमध्ये निघायचं ठरलं, आणि दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये एक दिवस ती ड्यूटीवरून आली ती सरळ वडिलांच्या समोर येऊन बसली. म्हणाली, वॉर्डात एक म्हातारा होता, पाय सडलेला, कुणी जवळ जायला बघत नव्हतं. ड्रेसिंग करायच्या आधी तिने नकळत दोन्ही हात ट्रेवर ठेवले, डोळे मिटले आणि काहीतरी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की हे ती रोजच करते, कधीपासून ते तिलाच ठाऊक नाही. “तुमचंच उचललंय मी, पप्पा. मला बाप्तिस्मा घ्यायचाय. जायच्या आधी.” दानूभाऊ उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले. शलोमी म्हणाली, रडायचं असेल तर इथे बसून रडा, पाणी कशाला फुकट घालवता.

तिचंही बरोबर होतं, कारण तो उन्हाळा पाण्याचा नव्हता. धरणाचा तळ दिसायला लागला होता, खात्याने कपात लावली होती, एक दिवसाआड आणि तेही थोडकं पाणी येत होतं. पूर्वी मंडळीचे बाप्तिस्मे बदलापूरच्या पुढे उल्हास नदीच्या डोहात होत. एका वर्षी एका पोराचा पाय घसरला, तो कसाबसा वाचला. तेव्हा मंडळीने हॉलमध्येच स्टेजखाली हौद बांधून घेतला. एरवी त्यावर फळ्या असतात आणि वर पाळकसाहेब उपदेश करतात. फळ्या काढल्या की छातीभर खोल हौद. तो भरणार कशाने हा प्रश्न होता. देवळाच्या, म्हणजे त्या हॉलच्या, नळाला येत होतं ते पिण्यापुरतं. लोंढेसाहेबांनी खटपट करून टँकर ठरवला, तर वाटेत एका चाळीच्या बायकांनी तो हंडे आडवे लावून अडवला आणि तिथेच रिकामा केला. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? दुसरा टँकर कुणी कबूल करेना. पाळकसाहेब म्हणाले, बाप्तिस्मा पावसाळ्यानंतर घेऊ. पण पावसाळ्यानंतर सुवार्ता सौदीत असणार, आणि तिथे मंडळी नाही की हौद नाही. अडचणीपुरतं कपाळावर पाणी शिंपडू का, असंही त्यांनी भीत भीत सुचवलं.

सुवार्ता म्हणाली, “कपाळ ओलं करून काय होणार? मला सगळीच बुडायचंय.”

मग लोंढेसाहेब दानूभाऊंच्या घरी आले. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले ते नव्हते. खुर्चीत बसले, सलाम झाला आणि त्यांनी सरळ सांगितलं. बाजाराकडचा व्हॉल्व अर्धा तास उशिरा बंद करायचा. देवळाची मोटर चालू ठेवू, हौद भरून जाईल. कुणाला काही कळणार नाही, आणि हे काही स्वतःच्या घरासाठी नाही, देवाच्या घरासाठी आहे. शिवाय पोरगी तुमचीच.

लोंढेसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांनी एक गोष्ट बोलायची टाळली. बाजारानंतर त्या लाइनवर नंबर लागतो तो डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीचा. लाइनचं शेवटचं टोक, त्यात चढ. बाजाराचा व्हॉल्व वेळेवर बंद झाला तरच पाणी तिथवर चढतं. उशीर झाला की वस्तीच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. तिथली ठमाबाई म्हणून एक म्हातारी नळापाशी डबा लावून बसलेली असायची. दानूभाऊ दिसले की विचारायची, “आज चरंल का रं पानी, दानू?” चढलं नाही तरी ती शिव्या देत नसे. रिकामा डबा उचलून घरी जायची. शिव्या देणाऱ्यांपेक्षा दानूभाऊंना तिचीच जास्त धास्ती होती.

दानूभाऊंनी लोंढेसाहेबांना बघतो म्हणून सांगितलं. सकाळी डबा हातात देताना शलोमी एवढंच म्हणाली की एकदाच तर आहे. इतकी वर्षं सरळ चाललेल्या माणसाला एकदा वाकडं पाऊल टाकता येऊ नये का, असं तिला वाटत होतं. तिचं तरी काय चुकलं, आईच ती.

दानूभाऊ बाजाराच्या व्हॉल्वपाशी गेले. बंद करायची वेळ झाली. गल्लीच्या तोंडाशी लोंढेसाहेब छत्री घेऊन उभे, हॉलमधून मोटरचा आवाज येतोय. दानूभाऊंनी चावी बसवली आणि फिरवली नाही. देवाला सुद्धा आपल्या पोरीचा बाप्तिस्मा हवाच असणार, असं मनाशी म्हणून पाहिलं. ते पटल्यासारखंही झालं. मग सवयीने हात दांड्यावर गेले, डोळे मिटले. ‘प्रभू, पाणी तुझं,’ इथवर आले आणि पुढचे शब्दच फुटेनात. हात माझे म्हणायची लाज वाटली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. तीस वर्षांत ही प्रार्थना कधी अडकली नव्हती. कपाळावर घाम आला. मग त्यांनी डोळे उघडले, लोंढेसाहेबांकडे न बघता दात-ओठ खाऊन चावी फिरवली आणि व्हॉल्व बंद करून टाकला. हॉलमधली मोटर कोरडी घरघरायला लागली. लोंढेसाहेब छत्री मिटून चालते झाले. त्यांनी इतक्या प्रेमाने समजावलं होतं, तरी शेवटी पालथ्या घड्यावर पाणीच.

संध्याकाळी दानूभाऊंनी घरी सगळं सांगितलं. सुवार्ता ऐकत होती. ती म्हणाली, मी कधी मागितलं होतं ते पाणी? मग स्वतःच उठली, आपल्या घरच्या नळाखालचा पहिला हंडा बाजूला काढला आणि त्यावर झाकण ठेवलं. “हा माझा बाप्तिस्मा. वस्तीनं का तहानेनं मरायचं त्यासाठी? आपल्या वाट्याचं आपण साठवू.” दानूभाऊंना हेच सुचलं होतं, पण पोरीच्या वाट्याला तिच्या घरातला शेवटचा महिना असा कोरडा यावा हे तोंडाने सांगवत नव्हतं. आता तिनेच सांगितल्यावर बापाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

त्या दिवसापासून पाटोळ्यांच्या घरात पाण्याची शिस्त सुरू झाली. अंघोळ म्हणजे तांब्याभर पाणी आणि ओला पंचा. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. कपडे तर घामाने आपोआपच धुऊन निघत होते, असं शलोमी म्हणायची. तिने एकदा नवऱ्याला साथ द्यायची ठरवली की ती नवऱ्याच्या पुढे दोन पावलं असे. वाचलेलं पाणी कॅनमध्ये भरून दानूभाऊ ड्यूटी संपल्यावर सायकलवर देवळात न्यायचे आणि हौदात ओतायचे. पहिल्या दिवशी ते पाणी हौदाच्या तळाला धड ओलंही करू शकलं नाही. रविवारी मंडळीत हसण्यावारी गेलं. कुणी म्हणालं, सौदीचा व्हिसा संपेपर्यंत भरेल. हसणाऱ्यांतल्या एकानेही घरचा तांब्या आणला नाही. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही. पाळकसाहेबांची बायको नीलिमा मात्र दुसऱ्या दिवशी पदर खोचून हंडा घेऊन आली, आणि मग रोज येऊ लागली. पुढे आणखी दोन-तीन घरं जोडली गेली. लोंढेसाहेबांचं घर त्यांत नव्हतं. दानूभाऊ कुणाला मागायला गेले नाहीत आणि कुणावर रुसलेही नाहीत. पाणी ओतायचं, वर चादर झाकायची आणि घरी यायचं.

मे अखेरचा रविवार ठरला. सुवार्ताच्या निघण्याआधीचा तो शेवटचाच. त्या सकाळी फळ्या काढल्या, तर पाणी गुडघ्याच्या जरासं वर. छातीभर हौदात ते केविलवाणंच दिसत होतं. लोंढेसाहेबांनी आत वाकून बघितलं आणि पाळकसाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, यात माणूस कसा बुडायचा, मंडळीचं हसं होईल. पाळकसाहेब घुटमळले. सुवार्ता पांढऱ्या ड्रेसमध्ये पायऱ्यांजवळ उभी होती, तिने ते ऐकलं. “मी खाली बसते,” ती म्हणाली. “बसल्यावर पुरेल.” आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत पायऱ्या उतरू लागली.

दानूभाऊंचा जोडीदार चंदर भावाच्या लग्नाला गावी गेला होता, म्हणून त्या दिवशी दोन्ही लाइनी त्यांच्याच गळ्यात होत्या. वस्तीचं पाणी दुपारी सोडायचं होतं. बाप्तिस्मा उपासनेच्या सुरुवातीलाच ठेवला होता, सगळं नीट जुळत होतं. आयुष्यात एकदा ते मागचा बाक सोडून पुढे, अगदी हौदाच्या कडेला बसले होते. आणि सुवार्ताचं पाऊल पाण्याला लागायला आणि त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरायला एकच गाठ पडली. पंपावरचा माणूस होता. दुपारी पंप बंद राहणार, प्रेशर आहे ते आत्ता, आत्ताच बाजार बंद केला तर वस्तीला चढेल, नाही तर मग परवा.

दानूभाऊंनी मोबाइल खिशात ठेवला. परवाचं पाणी म्हणजे वस्तीला चार दिवस कोरडे. आणि इथे समोर त्यांची एकुलती एक पोरगी, जिच्यासाठी त्यांनी आयुष्यभर हेच मागितलं होतं. असा राग त्यांना देवाचा कधी आला नव्हता. दहा मिनिटं थांबू शकत नव्हतास का, असं ते मनात अगदी भांडून म्हणाले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. शलोमीने त्यांचा शर्ट धरला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सोडला. त्यांना सुवार्ताकडे बघायची हिंमत झाली नाही. चपला हातात घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा मागून लोंढेसाहेबांचा सुस्कारा सगळ्यांना ऐकू आला.

सायकल त्यांनी कशी दामटली ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाजाराचा व्हॉल्व बंद केला. वस्तीचा उघडायला चढ चढून वर गेले तेव्हा छातीचा भाता झाला होता. डोळे मिटले, म्हणायचं ते म्हणाले, चावी फिरवली. पाणी वर चढेपर्यंत थांबावंच लागतं. मध्ये हवा अडकली तर पुन्हा व्हॉल्व खालीवर करावा लागतो. ते चेंबरच्या कडेला उकिडवे बसून राहिले. आता आटोपलं असेल, आता ती बाहेर येऊन केस पुसत असेल, असं त्यांना वाटत राहिलं. वरून बायकांचा गलका ऐकू आला, हंड्यांवर हंडे आदळायला लागले, तेव्हा ते उठले. आता घाईचं कारण उरलं नव्हतं. तरी परतीला त्यांनी सायकल जोरातच हाणली.

गल्लीच्या तोंडाशीच गाण्याचा आवाज आला. मंडळी अजून गातच होती, आणि गाऊन गाऊन आवाज बसलेले. दानूभाऊ मागच्या दाराने आत शिरले, तर नीलिमाने त्यांना दंडाला धरून पुढे नेलं.

सुवार्ता हौदात बसलेली होती. कमरेएवढ्या पाण्यात, मांडी घालून, हात मांडीवर. बोटांची कातडी सुरकुतली होती. पाळकसाहेब तिच्याशेजारी पाण्यात उभे होते आणि त्यांचा पायजमा मांड्यांना चिकटला होता. लोंढेसाहेबांनी दोनदा घड्याळ दाखवलं होतं, पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं होतं, शलोमीने पण सांगून पाहिलं होतं. तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, की पप्पा पाणी सोडून येतील, तोवर मी बसते.

दानूभाऊ कडेला येऊन उभे राहिले. धाप लागलेली, खाकी शर्ट पाठीला चिकटलेला. सुवार्ताने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

“वस्तीला चढलं?” तिने विचारलं.

“चढलं,” दानूभाऊ म्हणाले.

“मग घ्या, पाळकसाहेब,” ती म्हणाली, आणि नाक दाबून मागे रेलली. डोक्यापासून पायापर्यंत सगळी पाण्याखाली गेली.